पिसवा, आंघोळ आणि चार आठवड्यांची अट : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची प्रतिक्रिया आधी थोडक्यात सांगते. मांजराच्या पिल्लांच्या पिसवांवरच्या लेखात 'चार आठवड्यांखालच्या पिल्लांना आंघोळ घालू नका' असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, तीन आठवड्यांच्या पिल्लांना कोमट पाण्यात थोडं जंतुनाशक टाकून तुम्ही धुतलंत आणि ती ठणठणीत आहेत. पिसवा पिल्लांचा जीव घेतात हे मला कळत नाही, आणि असले लेख वाचून लोक घाबरतात, काही करतच नाहीत, असंही तुमचं म्हणणं.

पिसवा जीव घेतात, हे तर मी तुमच्याहून जोरात सांगेन. ३०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम २० मिली रक्त असतं, म्हणजे चार चमचे. साधारण सत्तर पिसवा दिवसाला त्यातलं १ मिली पितात. मोठ्या मांजराला नुसती खाज सुटेल एवढ्या पिसवांनी पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. तेव्हा 'मोठी झाली की बघू' हा सल्ला मी कधीच दिलेला नाही. पिसवा त्याच दिवशी काढायच्या. आपला वाद आहे तो फक्त कशा काढायच्या यावर.

खरा धोका पाण्याचा नाही, गारठ्याचा आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लाला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही. ऊब आईकडून आणि भावंडांकडून मिळते. ओली लव सुकताना उरलीसुरली उष्णताही घेऊन जाते. अंग गार पडलं की आतडी मंदावतात आणि पाजलेलं दूध पचत नाही. पिल्लू दूध ओढायचंच थांबतं. लोकांना वाटतं, पिसवांनी अशक्त झालं. काही वेळा ते आपण केलेलं असतं.

तुमची पिल्लं वाचली याचा आनंदच आहे. बहुधा ती धडधाकट होती आणि तुम्ही ती चटकन कोरडी केलीत. पण ज्या पिल्लाला पिसवा काढण्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेच रक्त गेल्यामुळे आधीच गार आणि मलूल असतं. तुमचा अनुभव धडधाकट पिल्लांचा. माझी अट या दुसऱ्यांसाठी आहे.

चार आठवड्यांखालच्या पिल्लांसाठी बारीक दातांचा कंगवा. पिल्लू उबदार कापडात गुंडाळायचं, एका वेळी थोडाच भाग उघडा ठेवून विंचरायचं आणि कंगवा दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवायचा. साध्या पाण्यात पिसवा तरंगतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. काळी रवाळ घाण निघाली तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाकून बघा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. कंटाळवाणं काम आहे, कबूल. हिरड्या फिकट दिसल्या किंवा अंग गार लागलं, तर मात्र कंगवाही बाजूला ठेवा, पिल्लाला ऊब द्या आणि डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी रक्तसुद्धा द्यावं लागतं, ते कुठल्याच आंघोळीने भागत नाही.

चार आठवड्यांवरच्या, खेळत्या पिल्लाला आंघोळ घालायला माझी हरकत नाही. खोली उबदार हवी. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर सगळ्या पिसवा डोळ्या-कानांकडे पळतात. डोक्यावर पाणी ओतू नका, तोंड ओल्या कापडाने पुसून कंगव्याने विंचरा. दोन-तीन मिनिटांत आटपा आणि पोटाखालची लव कोरडी होईपर्यंत पिल्लाला खाली ठेवू नका.

जंतुनाशकाबद्दल मात्र वयाचा प्रश्नच नाही. ते कुठल्याही मांजराला नको. बऱ्याच जंतुनाशकांत असणारी फिनॉल गटातली रसायनं निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि अंगाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधातलं परमेथ्रिन आणि 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं टी ट्री तेलही त्याच यादीत. 'दोनच थेंब टाकले' म्हणता, पण ३०० ग्रॅमच्या जिवाला दोन थेंब म्हणजे किती? अगदी लहान पिल्लांना चालतील अशी औषधं आहेत, पण वजन करून, डॉक्टरांच्या हातून.

तुमच्या प्रतिक्रियेत आईचा उल्लेख कुठेच नाही. एक मादी पिसू दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते, ती अंथरुणात गळतात आणि कोषातल्या पिसवा महिनोन् महिने दबा धरून राहू शकतात. पिल्लं स्वच्छ करून पुन्हा त्याच आईजवळ, त्याच चिंधीवर ठेवली, तर लवकरच पुन्हा तेच. अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि आईला औषध देताना ती अंगावर पाजते आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण औषध त्यावरून बदलतं.