तापात उशाशी कोण बसायचं?

गेल्या रविवारी कोथरूडहून ताईचा फोन आला. आवाज रडवेला. "तुझी भाची जेवताना म्हणाली, बाबा अव्हॉइडंट आहेत, म्हणून माझं कुणाशी टिकत नाही. आणि मी हिला पाळणाघरात ठेवलं, तेही निघालंच. सगळं आमच्याच माथी का गं?" मी लंडनमध्ये थेरपिस्ट आहे, अटॅचमेंट थिअरी, म्हणजे लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाशी जडलेलं नातं पुढच्या नात्यांना वळण देतं हा सिद्धांत, हे माझं रोजचं काम. 'अव्हॉइडंट', म्हणजे जवळीक टाळणारा, हा शब्द तिथलाच. तरी पटकन उत्तर सुचलं नाही.

पुण्यात हा वाद आता घराघरांत चाललाय. तरुण मुलं रील बघून आईबापांवर शिक्का मारतात. वडीलधारे म्हणतात, "हे तिकडचं खूळ. आपल्याकडे मूल दहा हातांत वाढतं." मला शिक्का पटत नाही, पण 'तिकडचं खूळ' हेही पटत नाही.

ही थिअरी मांडणारे जॉन बोल्बी स्वतः आईच्या मांडीवर वाढलेच नव्हते. सधन इंग्रज घर. आई चहानंतर तासभर भेटायची, एरवी सगळं दाईच बघायची. ते चारेक वर्षांचे असताना ती दाई काम सोडून गेली. ते दुःख आई गेल्यासारखंच होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांचं पहिलं मोठं निरीक्षणही लंडन-अमेरिकेतलं नाही. १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत त्या घरोघर जाऊन बसल्या. घाबरलेलं मूल कुणाकडे धावतं आणि शांत झालं की पुन्हा खेळायला जातं का, हे त्या बघत होत्या. नोकरी करणाऱ्या आईला दोषी ठरवायला ही थिअरी वापरणं मला अन्यायाचं वाटतं.

पण दहा हातांचं म्हणाल तर त्यातही एखादाच हात मुलाला आपला वाटतो. मी शिकत असताना स्वतःच्या थेरपीसाठी फॉर्म भरला. 'सांभाळ मुख्यतः कुणी केला?' पुढे एकच ओळ होती. मी 'आई' लिहिलं. खरं तर सदाशिव पेठेतल्या वाड्यात मला आजीनं वाढवलं. शाळेचं वय झालं तेव्हा आईबाबा मला चिंचवडला घेऊन गेले. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी बरोबर होती. आईनं ती धुतली त्या रात्री मी झोपले नाही, कारण तिचा वास गेला होता. हे आठवायला मला थेरपीचं दीड वर्ष लागलं.

म्हणून मराठी क्लायंटला मी 'आईशी नातं कसं होतं?' असं विचारत नाही. विचारते, "ताप आला की उशाशी कोण बसायचं?" भाचीलाही तेच विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. "बाबा. बोलायचे काहीच नाहीत, पण रात्रभर पट्ट्या बदलायचे." त्या पट्ट्यांनी बाबांचं न बोलणं भरून निघत नाही, ते तिला लागलंच आहे. पण बोलायचं तर या दोन्हींबद्दल बोलायला हवं, आणि शिक्का मारला की पट्ट्या दिसेनाशा होतात.

थेरपीत खरं काम याहून साधं आणि चिकाटीचं असतं. बोल्बींनी १९८८ च्या पुस्तकात थेरपिस्टचं पहिलं काम सांगितलंय ते सुरक्षित आधार देण्याचं. म्हणजे ठरलेला वार, ठरलेली वेळ, सुट्टीची आगाऊ कल्पना, आपलं चुकलं तर सरळ कबुली. "तुम्ही सुट्टीवर गेलात तर मला काही फरक पडत नाही" म्हणणारा माणूस सुट्टीनंतर दोनदा उशिरा येतो, तेव्हा त्याचं लहानपण आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसलेलं असतं. पुण्यात आदल्या रात्री मेसेज टाकून सेशन पुढे ढकलतात, थेरपिस्टसुद्धा. हे थांबायला हवं.

उलट माझी पुण्यातली एक समुपदेशक मैत्रीण क्लायंटच्या आईचा फोन घेते. क्लायंटला विचारून, त्याच्या समोर. माझ्या प्रशिक्षणात हे बसत नव्हतं. आता वाटतं, तिथे तेच बरोबर आहे. आईचा जीव टांगणीला लागलेला असताना मुलगा एकटा कुठून मोकळा होणार?

ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे पुण्याला येतेय. तारखा क्लायंटना जूनमध्येच सांगितल्या. एकीनं विचारलं, "तिथे तुमची वाट कोण बघतं?" त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच बोललो नाही.