निघायचं का? निघू की!

काल मित्राने विचारलं, "परवा सोलापूरहून सायकलवर कर्नाटकातल्या कुडलसंगमला जायचं का?" मी म्हटलं, "जाऊ की!" तेव्हापासून जो तो सांगतोय, आधी तीन महिने तयारी करा, मग जावा. मला हे अजिबात पटत नाही. जो रोज कामाला सायकलवर जातो, त्याला अशा वाटेच्या तयारीला एक दिवस पुरतो. तीन महिने तयारी करू म्हणणारे बहुतेक घरीच राहतात.

पण तो एक दिवस मन लावून द्यावा लागतो. आज सकाळी दोन्ही सायकली दुकानात नेल्या. मागच्या चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घेतला, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिलं. पंक्चर काढायला मात्र स्वतःच शिका. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचा काटा हमखास भेटतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे हळूच बोट फिरवायचं. काट्याचं मोडकं टोक रबरात तसंच राहिलं असेल तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. सीटची उंचीही बघून घ्या. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली राहिली की गुडघे दुखायला लागतात.

खाण्याची चिंता सोलापूरकराने करूच नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत टाकली की झालं, दोन्ही टिकतात. सोबत गूळ, लिंबू, मीठ आणि भरपूर पाणी. थंडी असली तरी दुपारचं ऊन आपलंच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत्याशी आधी बोलून घेणं. दोघांचा वेग कधीच सारखा नसतो. पुढचा जोरात जातो, झाडाखाली थांबतो, आणि मागचा धापा टाकत पोचला की लगेच म्हणतो, "चला!" म्हणजे ज्याला विसाव्याची जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. दुपारपर्यंत दोघांत अबोला. म्हणून आम्ही ठरवलंय, हळू चालवणारा पुढे राहील आणि वेग तोच ठरवेल. कुणाला बरं वाटेना झालं तर दोघंही थांबायचं, चिडवायचं नाही. अलमट्टी, विजापूर ही गावं होटगी-गदग रेल्वेमार्गावरच आहेत, तेव्हा परतायची सोय आहे.

विजापूरपर्यंत साधारण 100 किलोमीटर, रस्ता चौपदरी. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक. मुक्काम विजापूरला, दुसऱ्या दिवशी कुडलसंगम, म्हणजे कृष्णा-मलप्रभेचा संगम आणि बसवेश्वरांची ऐक्यभूमी (समाधीची जागा). सिद्धरामेश्वर आणि बसवेश्वर दोघंही 12व्या शतकातले, म्हणून सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळातून निघायचं मित्राच्या मनात फार आहे. मलाही ते आवडलं.

भीती एकाच गोष्टीची. सध्या उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात या रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथे हौस दाखवू नये. आम्ही फटफटल्यावर निघणार आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठणार. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा तरीही सोबत आहेच.

झळकी ते विजापूर या पट्ट्यात चांगलं सायकल दुकान कुणाला माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा. आणि ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा, सायकल कुठलीही चालेल.