सात दिवसांची योजना आणि वर्षानुवर्षांचं दुखणं

रस्ते अपघातातल्या जखमींना दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. चांगली आहे, नावं ठेवायचं कारण नाही. पण मुदत वाचून कपाळावर हात मारला. अपघातापासून सात दिवस! डोक्याला जबर मार लागलेला माणूस सातव्या दिवशी बऱ्याचदा व्हेंटिलेटरवरच असतो हो.

मी फिजिओथेरपिस्ट. असे पेशंट घरी आणल्यावर त्यांच्याकडे व्यायामाला जाते, म्हणजे माझं काम सुरू होतं तेव्हा योजना कधीच संपलेली असते.

'जबर' किती ते मोजायचं माप १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी दिलं. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर १५ पैकी गुण. काहीच केलं नाही तरी ३ मिळतात. ८ किंवा खाली म्हणजे गंभीर. जगात दरवर्षी ५५ लाखांच्या आसपास माणसं या गंभीर गटात जातात, असा २०१८ चा एक अंदाज आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू झाले आणि ४,४३,३६६ जखमी. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. (मागे बसणाऱ्याला कशाला हेल्मेट, म्हणणारे आमच्या घरातही आहेत.) हे सगळं सरकारी अहवालात सापडतं. जखमींपैकी किती जण आज अंथरुणाला खिळलेत, त्याला मात्र रकाना नाही.

"बरा होईल ना हो?" याचं खरं उत्तर पहिल्या आठवड्यात कुणालाच देता येत नाही, आणि घरचे निर्णय तर तेव्हाच घेतात. मेंदूला मार लागलेल्यांवरच्या अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गंभीर गटातले साधारण तीस टक्के वर्षभरात गेले. पण निम्म्याहून थोडे जास्त जण वर्षअखेर दिवसाचा काही वेळ तरी घरात स्वतःचं स्वतः करू शकत होते. दोन आठवड्यांनी ज्यांना भानच नव्हतं, त्यांच्यातलेही चारातले तीन पुढे शुद्धीवर आले. अर्थात तिथली मोठी ट्रॉमा सेंटर्स आपल्याकडे गावोगावी नाहीत. आकडे जसेच्या तसे उचलू नका. 'आता काही उरलं नाही, घरी न्या' असं चौथ्या दिवशी म्हणणं घाईचं आहे, एवढं मात्र त्यातून घ्याच.

दुसरी बाजूही सांगते. मेंदूचा दाब उतरेना तर कवटीचं हाड काढतात. २०१६ च्या एका चाचणीत या ऑपरेशनमुळे सहा महिन्यांतले मृत्यू ४९ टक्क्यांवरून २७ वर आले, पण भान न येता नुसते जिवंत राहिलेले २ वरून साडेआठ टक्के झाले. नातेवाइकांना पहिला भाग सांगतात. दुसरा सांगायला धीर लागतो.

मग पेशंट घरी येतो. नाकात नळी, कधी गळ्यालाही, आणि ते हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेलं. आयांना याचंच सगळ्यात नवल वाटतं. कुशीवर वळवायचं कसं, भरवताना डोकं किती वर, मूठ आवळत चालली तर काय, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. मी पोचते तेव्हा पाठीला जखम झालेली असते.

आणि जो चालायला लागतो त्याचं वेगळंच. गाव म्हणतं, बरा झाला. घरात बायको सांगते की सकाळचं दुपारी आठवत नाही, सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, चहा गार झाला म्हणून कप भिंतीवर मारतो. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूच्या दुखापतीचा वेगळा प्रकार नाही. हात लुळा असेल तर त्याचे अपंगत्वाचे टक्के मिळतात. विसरणं नि भडकणं कोणत्या रकान्यात बसवायचं यावर हेलपाटे सुरू.

योजनेची मुदत वाढवा, जिल्हा रुग्णालयात अशा पेशंटसाठी पुनर्वसनाचा वॉर्ड काढा, हे मागायचंच आहे. तोवर डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी अर्धा तास काढून आईला, बायकोला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते करून दाखवा. त्याला जीआर लागत नाही.