मोगलांनी सुई आणली, तर राका कशाने शिवत होती?

‘राजदरबारी पोशाखाचा खरा इतिहास’ म्हणून एक मजकूर सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. भाचीने तो नाटकाच्या वेशभूषेच्या टिपणात जसाच्या तसा उतरवला, म्हणून आता गप्प बसवत नाही. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: मोगल येईपर्यंत भारतात सुई नव्हती, राजेसुद्धा कापड नुसतं गुंडाळायचे, पूजेला शिवलेलं चालत नाही, हा त्याचाच पुरावा, दर्जी, जामा, अस्तर हे शब्द फारसी, म्हणून शिवणकामही फारसी, आणि जामा (घेरदार दरबारी अंगरखा) बाहेरून तयार आला, तो इथल्यांनी आहे तसा अंगात घातला.

सुईचा मुद्दा सगळ्यांत बेजबाबदार. बाबर पानिपतावर जिंकला १५२६ साली. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात (२.३२.४) राका या देवतेला ‘न तुटणाऱ्या सुईने शिव’ अशी विनवणी आहे आणि ‘सूची’ हा शब्दच तिथे आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात शिंप्याला ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ अशी दोन नावं आहेत. बौद्ध भिक्षूंच्या विनयात, म्हणजे नियमसंग्रहात तर सुई ठेवायची डबी हाडाची, हस्तिदंताची किंवा शिंगाची करवून घेऊ नये, असा स्वतंत्र नियम आहे. डबीपर्यंत नियम पोचला, म्हणजे सुई किती रोजच्या वापरातली असेल! एवढं लांब जायचं नसेल तर संत नामदेव आठवावेत. जन्म १२७० चा, जात शिंप्याची.

राजांचं काय? मथुरेजवळ माट इथे मिळालेला कुषाण राजा कनिष्काचा पुतळा पाहा. डोकं तुटलेलं आहे, पण गुडघ्यांखाली उतरणारा अंगरखा आणि जाडजूड बूट स्पष्ट दिसतात. कुषाण मध्य आशियातून आले, त्यामुळे हा घोडेस्वारी पोशाख बाहेरचा, एवढं कबूल. पण तो मोगलांच्या चौदाएकशे वर्षं आधीचा आहे. पुढे चौथ्या शतकातला समुद्रगुप्त. त्याच्या एका सोन्याच्या नाण्यावर तो ध्वज धरून वेदीवर आहुती देतो, अंगात शिवलेला अंगरखा आणि विजार. दुसऱ्या नाण्यावर तोच राजा उघड्या अंगाने, कमरेला वस्त्र गुंडाळून वीणा वाजवत बसला आहे. राजा एक, प्रसंग दोन, पोशाख दोन. गुंडाळलेलं वस्त्र शिवता येत नव्हतं म्हणून नव्हतं. कुठे काय घालायचं ते ठरवून घातलेलं होतं. सातव्या शतकात कवी बाण सम्राट हर्षाच्या छावणीत आलेल्या राजांचं वर्णन करतो, तेव्हा अंगात घालायच्या कपड्यांची चार नावं देतो: कंचुक, वारबाण, चीनचोलक, कूर्पासक.

पूजेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. सोवळ्यात शिवलेलं नको, हा नियम करायला आधी शिवलेलं अस्तित्वात असावं लागतं.

शब्दांबद्दल अर्धं खरं आहे. दर्जी, अस्तर, जामा, पायजमा हे फारसीतूनच आले. पण सुई, शिवणे, शिंपी हे आपल्याकडचे जुने शब्द त्या मजकुरात सोयीने गाळले आहेत. शिवाय नावावरून मूळ ठरत नाही. अकबराचा दरबारी लेखक अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवतो की अकबराने कपड्यांची नावंच बदलली: जाम्याला ‘सर्बगाती’, बुरख्याला ‘चित्रगुपित’, पायातल्या जोड्याला ‘चरणधरन’. नावावरूनच ठरवायचं तर बुरखासुद्धा इथलाच म्हणावा लागेल.

जाम्याच्या मुद्द्यालाही हाच ग्रंथ पुरेसा आहे. त्यात ‘तकौचिया’ नावाच्या, जाम्यासारख्याच बिनअस्तराच्या अंगरख्याची नोंद आहे. अबुल फजल त्याला स्वच्छ हिंदुस्थानी घाटाचा म्हणतो. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत; अकबराने घेर गोल करवला आणि बंद (बांधायच्या नाड्या) उजवीकडे आणले. कापड ७ गज ७ गिरह, शिवाय पट्टीला ५ गिरह. १६ गिरहांचा एक गज, म्हणजे पट्टी धरून पावणेआठ गज. म्हणजे खुद्द मोगल दरबारच सांगतो की घाट इथला, फेरफार आमचे.

हा घेर शिवून पाहिला की त्यातलं कसब कळतं. कापडाचा आयत तिरपा कापला की दोन कळ्या, म्हणजे निमुळते तुकडे, निघतात, प्रत्येकीला एक काठ सरळ, एक तिरपा. जोडताना एकीचा सरळ काठ दुसरीच्या तिरप्याला लावायचा. दोन तिरपे काठ एकमेकांना शिवले तर ती शिवण ताणत जाते आणि घेर तेवढ्याच जागी लोंबतो. खालची दुमडही लगेच घालायची नाही. घेर रात्रभर टांगून ठेवायचा, उतरायचा तेवढा उतरू द्यायचा, मग कड सारखी कापायची.

आता बंद. उजव्या काखेखाली बांधायच्या जाम्यात डावा पल्ला वर येतो. आतला उजवा पल्ला डाव्या काखेशी आतल्या बंदाने आधी बांधून घ्यायचा, नाहीतर तो घसरतो आणि बाहेरच्या घेराखालून डोकावतो. मोगल दरबाराच्या चित्रांत मुसलमान सरदारांचे बंद सहसा उजवीकडे आणि हिंदू सरदारांचे डावीकडे असतात. म्हणून नाटकासाठी चित्रावरून नक्कल करताना ते उलटं छापलेलं नाही ना, हे आधी तपासावं. तलवार बहुधा डाव्या कमरेला असते. चित्रात सगळ्यांच्याच तलवारी उजव्या कमरेला दिसल्या तर चित्र उलटं आहे, आणि त्यावरून घेतलेले बंदही चुकीच्या बाजूला जातील.