मुळाक्षरं पाठ झाली म्हणजे वाचता आलं?

‘इंग्रजीची स्पेलिंगं घोकावी लागतात, मराठी बोलतो तशीच लिहितो. मुळाक्षरं पाठ झाली की पोर आपोआप वाचतं. आपल्या आज्या-पणज्या धूळपाटीवर अशाच शिकल्या.’ शाळा सुरू व्हायच्या सुमाराला हा मजकूर हमखास फिरतो.

आज्या-पणज्यांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. १९५१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती. बहुतेकींच्या हाती धूळपाटी आलीच नाही.

‘बोलतो तशीच लिहितो’ हे इंग्रजीच्या मानाने बरंचसं खरं. पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च सारखा उच्चारून बघा. ‘अंग’, ‘अंत’, ‘अंबर’ यांत टिंब एक, आवाज तीन. ‘करवत’मध्ये चारही अक्षरं पूर्ण लिहायची, म्हणताना मात्र र आणि त यांतला अ गळतो. मूल क-र-व-त बरोबर म्हणतं, तरी शब्द ओळखत नाही. तेव्हा अक्षरं पुन्हा घोटून घेऊ नयेत, ‘हेच घाईत म्हण’ एवढं सांगावं.

खरी मेख पाठांतरात आहे. ङ, ञ सोडले तरी ३२ व्यंजनांची बाराखडी ३८४ चिन्हांची होते, वर जोडाक्षरं. एकटा र प्र, ट्र, र्क, ऱ्य अशा चार वेशांत भेटतो. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘मै’ दाखवा, ते ‘म मा मि’ पुटपुटत तिथवर येतं. त्याला चाल पाठ असते, चिन्ह नाही. सगळ्यात फसवी पहिली वेलांटी, लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर. ‘कविता’चं ‘किवता’ होतं ते यामुळेच. वेलांटीची कमान कोणत्या अक्षरावर वळते, ते बोटाने दाखवावं लागतं.

‘गमभन’चा क्रमही हाताच्या सोयीचा. उभी काठी गिरवायला सोपी, पण भ आणि म डोळ्यांना जुळे भाऊ. वाचनासाठी ते लागोपाठ घेऊच नयेत.

त्यापेक्षा सुरुवातीला क, न, म, ल आणि काना एवढंच घ्या. काम, नाक, लाल, कमान, नकल, मामा असे शब्द लगेच वाचता येतात. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना अडवून ठेवायचं काहीच कारण नाही. तपासायला मात्र ‘लामक’, ‘नामाल’ असे निरर्थक शब्द द्या, तिथे अंदाजाने किंवा आठवणीने निभावत नाही.