माडीवरचं रोमिंग

पन्नास रुपये ही काही रक्कम नव्हे. बेळगावात पन्नास रुपयांत पाव किलो कुंदाही येत नाही. तरी गेले चार दिवस ते पन्नास रुपये दातात अडकलेल्या सुपारीसारखे माझ्या जिभेला टोचतायत.

मी लोकांची जीएसटीची रिटर्न भरून देतो. परवा एका काजू कारखानदाराचं जुलैचं रिटर्न उघडलं, तर जूनच्या रिटर्नची लेट फी तिथं आपोआप येऊन बसलेली. २० जुलैला भरायचं रिटर्न २१ जुलैला भरलं गेलं, एका दिवसाचे पन्नास. कारखानदार भला माणूस. त्यानं माझ्या फीमधून पन्नास वजा केले आणि वर "असू दे हो, होतंय असं" म्हणाला. पैसे कापून वर क्षमाही करणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

आता हे "असं" कसं होतंय ते सांगतो.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याच्या आतल्या अंगाला, बाचीच्या अलीकडं. पुढं शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. गावात फायबरची केबल आली, एक पावसाळा राहिली, आणि गटारीसाठी आलेल्या जेसीबीनं ती उकरून सगळ्या गावाला दाखवली. मग पुण्यातल्या पोरानं सल्ला दिला, "बाबा, सिमवर चालणारा राउटर घ्या." घेतला. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. हे सिम म्हणे पत्त्याला बांधलेलं असतं, दुसरीकडं नेलं की चालत नाही. म्हटलं बरं झालं, घरात एक तरी वस्तू जागेवर राहील.

आमचं घर आगगाडीसारखं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, धान्याची खोली, न्हाणी, परडं. भिंती मातीच्या, हातभर जाड. माझं टेबल धान्याच्या खोलीत, कारण सोप्यावर दिवसभर शेजारचे तात्या बसतात. आणि इंटरनेट चालण्याइतकी रेंज फक्त माडीच्या पश्चिमेच्या खिडकीत, जिथून वैजनाथाचा डोंगर दिसतो. राउटर तिथं बसला. खाली माजघरापर्यंत येईस्तोवर त्याचा वायफाय माणसासारखा धापा टाकायचा. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय वेगानं धावतो, खरं भिंत आली की मान टाकतो. अडीचच्या आतला, २.४ वाला, सावकाश चालतो पण भिंतीतून निघतो. आमच्या भिंतींपुढं दोघंही सारखेच.

तर एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढच्या खोलीत पोचवणारा डबा. खडेबाजारातल्या एका दुकानदारानं तो मला विकला. त्याआधी आवाज खाली करून त्यानं एक मोठं खोकं दाखवलं. "बूस्टर हाय. टावरची रेंजच खेचतंय. लावून टाका." टॉवरचा सिग्नल वाढवणारा असा बूस्टर विनापरवाना लावणं कायद्यानं गुन्हा आहे, कारण तो आपली रेंज वाढवताना बाकी सगळ्यांची बिघडवतो, हे मला ठाऊक होतं. हिंडलग्याच्या जेलची हवा खाण्याचा मान आमच्या गल्लीत आधीच तात्यांकडं आहे. मी मुकाट्यानं साधा, कायद्यातला एक्स्टेंडर उचलला.

एक्स्टेंडर इंटरनेट तयार करत नाही, हे दुकानदारानं सांगितलं नाही. लावणीच्या वेळी या शेतातली हाक त्या शेतात पोचवायला बांधावर एक गडी उभा करतात, तसा तो असतो. ऐकताना त्याला ओरडता येत नाही आणि ओरडताना ऐकू येत नाही. म्हणून माझ्या एक्स्टेंडरमधून निघेपर्यंत वेग साधारण निम्मा होतो. शिवाय हा गडी हाक ऐकू येईल तिथंच उभा करावा लागतो. मी पहिले आठ दिवस तो धान्याच्या खोलीत, जिथं काहीच ऐकू येत नव्हतं, तिथं उभा केला होता. तो बिचारा शून्य ऐकून शून्य ओरडत होता. दिवा मात्र छान हिरवा.

शेवटी तो जिन्याखाली, मिक्सरच्या बोर्डावर बसला. बायकोला चटणी वाटायची असली की माझं ऑफिस बंद.

आणखी एक गंमत. माडीच्या खिडकीपाशी गेलो की माझ्या फोनवर मेसेज येतो, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. खाली सोप्यावर आलो की कर्नाटकाचं, कन्नडमधून. दिवसातून दहा वेळा जिना चढणाऱ्या माणसाचं इतकं स्वागत मंत्र्याचंही होत नसेल. फोनला सीमा दिसत नाही, टॉवर दिसतो. टेलिकॉमवाल्यांनी देशाचे २२ सर्कल, म्हणजे विभाग, केलेत, त्यांचा नकाशा वेगळाच. गोव्यानं १९६७ साली सार्वमत घेऊन महाराष्ट्रात जायला नकार दिला, पण टेलिकॉममध्ये महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल. तिकडं नको म्हणणाऱ्यांना घेतलं. आम्हाला, हवं हवं म्हणत असताना, माडीपुरतं.

२० जुलै. बाहेर असा पाऊस की पलीकडची गल्ली दिसेना. संध्याकाळी सातला राउटरचा दिवा लाल झाला. दोनदा बंद-चालू केला, सिम काढून शर्टाला पुसून परत घातलं. शेवटी कस्टमर केअरला फोन लावला. फोनला रेंज सोप्याच्या तिसऱ्या पायरीवर असते. तिथंच तात्या अडकित्ता घेऊन बसलेले, डोक्यावर अजून प्लास्टिकची खोळ.

कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मी तीन दाबलं. माझं दुसरंच वाक्य ऐकून पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आपण मराठी आहात का?" माझ्या हिंदीचा याहून झटपट पंचनामा आजवर कुणी केला नव्हता.

"सर, सिस्टीमवर आपला राउटर महाराष्ट्रात दाखवत आहे."

"ताई, राउटर माडीवर आहे."

"सर, आपण सध्या महाराष्ट्रात आहात का?"

"नाही हो. मी घरात आहे."

"घर महाराष्ट्रात आहे का, सर?"

अडकित्त्याचा आवाज थांबला. तात्यांनी मान वर केली. "काय विचारालीय ती?"

मी म्हणालो, "काही नाही, पत्ता विचारालीय."

"महाराष्ट्र म्हणाली. मी ऐकलो. दे इकडं."

आता तात्यांबद्दल एवढंच सांगतो की १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते अकरा दिवस आत होते, आणि त्या अकरा दिवसांबद्दल ते गेली जवळजवळ चाळीस वर्षं बोलतायत. ऐकणारे संपत आले होते. फोन त्यांनी माझ्या हातातून घेतला नाही, काढून घेतला.

"हॅलो. लिहून घे पोरी. आम्ही महाराष्ट्रात हाय."

"सर, म्हणजे आपलं घर महाराष्ट्रात आहे?"

"हाय."

मी दोन्ही हातांनी नको नको करत होतो. "तात्या, सिम बेळगावचं हाय, पत्ता बेळगाव जिल्ह्याचा हाय. असं सांगितलासा तर बंद करतील."

तात्यांनी फोनवर हात ठेवला. "तुला इंटरनेट पायजे म्हणून मी खोटं बोलू?"

पलीकडून, "सर, आपण अकाउंट होल्डर आहात का?"

"मी शेजारी."

"सर, मला अकाउंट होल्डरशी बोलता येईल का?"

"अकाउंट होल्डर त्या वेळेला चड्डीत होता. त्याला काय ठावं हाय? मला विचार."

"सर, आमच्या सिस्टीममध्ये आपला पत्ता कर्नाटक आहे."

"तुझ्या सिस्टीममध्ये हाय. ते अजून कोर्टात हाय. २००४ ला केस घातलीय, सुप्रीम कोर्टात. काय झालं त्याचं?"

"एक मिनिट हं सर, मी तपासून सांगते."

आणि तिनं होल्डवर टाकलं. सतारीचं संगीत सुरू झालं. तात्या फोन कानाला लावून, डोळे मिटून, पायरीवर ताठ बसले. चार मिनिटं. माझं रिटर्न त्या सतारीत वाहून चाललेलं. मी फोनला हात घातला तसा त्यांनी तो झटकला.

"थांब की. तपासालीय म्हणाली." मग जरा वेळानं, अगदी हळू आवाजात, "कोण तरी तपासालंय, बघ."

संगीत थांबलं. "सर, होल्डवर थांबल्याबद्दल धन्यवाद."

"त्यात काय. सवय हाय."

"सर, आपला राउटर रोमिंगमध्ये दाखवत आहे, त्यामुळे सेवा थांबली आहे."

"रोमिंग म्हणजे?"

"म्हणजे सर, सिम एका राज्याचं असतं आणि नेटवर्क दुसऱ्या राज्याचं मिळत असतं."

तात्या गप्प. मग म्हणाले, "असं होय. त्याला रोमिंग म्हणत्यात काय? आम्हाला कोण सांगितलंच नाही." आणि लगेच, "किती दिवस चालतंय ते?"

"मोबाईलवर असेल तर त्याला मुदत नसते सर. वेगळा चार्जही लागत नाही."

तात्या माझ्याकडं वळले. "ऐकलास? चार्ज लागत नाही म्हणे."

इथं फोन परत मिळाला असता तर मी आज पन्नास रुपयांनी श्रीमंत असतो. पण तात्यांना आता उतार लागला होता. १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली, ती सुचवणारं फाजल अली कमिशन झालं, आणि गाडी सीमावादासाठी नेमलेल्या महाजन कमिशनवर आली.

"सर, हे महाजन सर इन्स्टॉलेशनला आले होते का?"

"आले होते की. ६६ साली नेमले. ६७ ला अहवाल देऊन गेले."

"सर, एवढी जुनी व्हिजिट सिस्टीमला दिसणार नाही."

"कुणालाच दिसत नाही बाळ," तात्या म्हणाले.

एकूण सत्तावीस मिनिटं. त्या मुलीनं एकदाही फोन ठेवला नाही, हे तिच्या नोकरीतलं बंधन असेल किंवा तिला तात्यांची दया आली असेल. शेवटी तिनं तक्रार नोंदवली. दहा मिनिटांत कन्नडमधून मेसेज आला. तात्यांना कन्नड उत्तम येतं, बैलाचा सौदा ते कन्नडातच करतात, पण मेसेज वाचायला नकार देतात. मी वाचला. ग्राहकाच्या सांगण्यावरून स्थान सेवाक्षेत्राबाहेर, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच.

"पाच दे," तात्या म्हणाले. "तालुक्याच्या ऑफिसात एवढं कोण ऐकून घेतंय?"

दिला पाच. आता त्या कंपनीच्या कागदोपत्री मी अत्यंत समाधानी ग्राहक आहे.

लोक विचारतात, मग फोनचा हॉटस्पॉट का नाही लावला? लावला की. पण दिवसाचा दीड जीबी सकाळीच बायकोच्या कीर्तनात संपला होता आणि नंतर उरतो तो ६४ केबीपीएसचा वेग, त्यात जीएसटीच्या पोर्टलवरचा अशोकस्तंभसुद्धा अर्धाच उमटतो. जादा डेटा घ्यावा तर पैसे यूपीआयनं, आणि यूपीआयला डेटा. गावातलं दुकान आठला बंद. बेळगावला जावं तर शेवटची बस गेलेली. बायकोचा फोन? तिचंही सिम त्याच कंपनीचं आणि तिचं कीर्तन दोन्ही फोनवर चालतं.

मला खरा राग तात्यांचा नाही. लॉकडाऊनमध्ये याच गावातली पोरं देवळाच्या कट्ट्यावर छत्र्या धरून ऑनलाइन शाळा शिकली. तेव्हाही अर्ज दिले होते. इकडचे म्हणाले, तुम्हाला तिकडची रेंज येते, तिकडं विचारा. तिकडचे म्हणाले, तुमचा पिनकोड आमचा नाही. टॉवर उभा करायचा तर गाव कुणाचं हे आधी ठरायला लागतं, आणि पैसे मात्र न ठरवता, सहा महिने आगाऊ, कापले जातात. असो. रक्तदाब वाढतो.

रात्री अकरापासून मी माडीवर, लॅपटॉप पोत्यावर, फोन खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला. कौलातून ठिबक. ६४ केबीपीएसमध्ये पोर्टल उघडायला पावणेबारा झाले. ओटीपी कारखानदाराच्या फोनवर जाणार, म्हणून त्याला झोपेतून उठवून लाइनवर घेतलेला.

"आठ."

"पुढं?"

"आठ की हो."

"दोन आठ का एकच आठ?"

"हॅलो? हॅलो?"

बरोबर बाराला फोन किणकिणला. नवा दिवस, नवा दीड जीबी. क्षणात पोर्टल कसं टकटकीत उघडलं. अशोकस्तंभ पूर्ण, तीन सिंह स्पष्ट. कारखानदाराचा आवाजही खणखणीत यायला लागला. १२ वाजून ९ मिनिटांनी रिटर्न दाखल. तारीख २१. त्याच मिनिटाला मेसेजही आला, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.

खालून बायको ओरडली, "महाराष्ट्रातनं खाली उतरताय काय? झाकून ठेवलंय जेवण."

त्या लेट फीचे पोर्टलवर दोन रकाने असतात. केंद्राचे २५, राज्याचे २५. राज्य कुठलं, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही.