जन्मस्थळ नीट निवडा

पत्रिकेत जन्मवेळ पाचदहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर ज्योतिषीबुवा सांभाळून घेतात. जन्मस्थळ चुकलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन खातं मात्र सांभाळून घेत नाही. तुम्ही सांगलीत जन्मलात, पुढे कॅनडाचं नागरिकत्व घेतलंत, आइस हॉकीसुद्धा आवडीने बघायला लागलात, तरी नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत तुम्ही भारताचेच. उलट आईवडील दुबईत नोकरीला असताना तिथे जन्मलेला तुमचा मावसभाऊ अमिरातीच्या खात्यात मोजला जातो आणि तुमच्यासमोरून पुढे निघून जातो. कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, मग तो देश भारत असो की भूतान. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठल्या तारखेच्या अर्जापर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडणाऱ्या मंडळींना हे मी सांगायला नको. त्यांची तारीख दशकभराहून मागे घुटमळतेय.

तेव्हा पुढच्या खेपेला हलगर्जीपणा नको. जन्म क्युबात घ्या.

तिथल्या लोकांसाठी अमेरिकेत एक स्वतंत्र कायदा आहे. २ नोव्हेंबर १९६६ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. माणूस क्युबात जन्मलेला किंवा क्युबाचा नागरिक असावा, १ जानेवारी १९५९ नंतर, म्हणजे फिडेल कॅस्ट्रोची क्रांती जिंकल्यानंतर, तपासणी होऊन रीतसर किंवा ‘पॅरोल’वर, म्हणजे व्हिसा नसताना दिलेल्या तात्पुरत्या परवानगीवर, अमेरिकेत शिरलेला असावा, आणि तिथे एक वर्ष राहिलेला असावा. सुरुवातीला दोन वर्षं होती, ती नंतर कमी केली. बस्स, ग्रीन कार्डासाठी अर्ज करायला एवढं पुरे. पदवी नको, नोकरी देणारा मालक नको, वार्षिक कोटा नाही, आणि खरी गंमत म्हणजे छळ झाल्याचा पुरावासुद्धा नको. गुन्ह्याची नोंद वगैरे नाही ना, एवढं बघतात. वर कार्डावर मागची तारीख घालून मिळते, अर्जाच्या तीस महिने आधीपर्यंतची. आपल्याकडे मागची तारीख घालून घ्यायला कारकुनाला चहापाणी करावं लागतं, तिथे ते कायद्यातच लिहून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मेहेरबानी का? तर सरकार बघून देश निवडा, म्हणून. क्युबातून आलेले हजारो लोक पॅरोलवर अमेरिकेत बसले होते. कायम व्हायचं तर देशाबाहेर जाऊन वकिलातीतून अर्ज करायचा, असा तेव्हाचा नियम, आणि हवानातली वकिलात तर जानेवारी १९६१ मध्येच बंद झालेली. ही झाली कागदावरची अडचण. पण अडचणी सगळ्यांनाच असतात, त्यासाठी कोणी स्वतंत्र कायदा करत नाही. इथे प्रत्येक पळून आलेला माणूस म्हणजे साम्यवाद हरल्याची चालती-बोलती जाहिरात होता. जॉन्सनसाहेबांचं टायमिंग तर बघा. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी त्यांनी जो इमिग्रेशन कायदा मंजूर केला, त्याने जन्मदेशावरून माणसं निवडायची जुनी पद्धत मोडीत काढली. आपल्या लोकांना अमेरिकेचं दार खऱ्या अर्थाने उघडलं ते तेव्हा. आणि त्याच भाषणात त्यांनी जाहीर केलं, की क्युबातून येणाऱ्यांना इथे आसरा मिळेल.

एक खबरदारी घ्या. समुद्र तोच असला तरी बेट चुकवू नका. शेजारच्या हैतीतही गरिबी होती, हुकूमशहा होता, माणसं फुटक्या होड्यांतून निघत होती. पण तो हुकूमशहा वॉशिंग्टनचा मित्र. त्यामुळे १९८१ पासून हैतीच्या होड्या समुद्रातच अडवून माघारी पाठवायची व्यवस्था झाली. हुकूमशहा असायला हरकत नाही, तो शत्रुपक्षातला आहे याची मात्र खात्री करून घ्या.

जन्म झाला, सरकारही योग्य मिळालं. आता प्रश्न पायांचा. १९९४ च्या उन्हाळ्यात तीस हजारांहून जास्त माणसं ट्यूब, लाकडी फळ्या, सापडेल त्यावर बसून फ्लोरिडाकडे निघाली. तेव्हा क्लिंटन सरकारने क्युबाशी बोलणी करून तोडगा काढला: समुद्रात सापडलात तर परत, जमिनीवर पाय टेकला तर राहा. ओला पाय, कोरडा पाय. म्हणजे निर्वासित कोण, हे भरती-ओहोटीवर ठरायला लागलं. किनाऱ्यापासून कमरेएवढ्या पाण्यात तटरक्षकांशी झटापट करणारी माणसं अमेरिकेने टीव्हीवर थेट पाहिली आहेत.

आणि जमीन म्हणजे काय, हेही आधी विचारून घ्या. जानेवारी २००६ मध्ये पंधरा जण फ्लोरिडा कीज या बेटांमधल्या जुन्या सेव्हन माइल पुलाला लागले. त्यात लहान मुलंही होती. पुलावर चढले, पाय कोरडे, सगळं नियमाप्रमाणे. पण हा पूल वापरातून गेलेला, मधले तुकडे काढलेले. सरकार म्हणालं, ज्या तुकड्यावर तुम्ही उभे आहात तो किनाऱ्याला जोडलेला नाही, तेव्हा तुम्ही अजून पाण्यातच आहात. पाठवलं परत. पुढे फेडरल न्यायाधीशाने हे चुकलं असा निकाल दिला. तोवर मंडळी क्युबात पोचलीही होती. तर पुलावर चढायच्या आधी खांब मोजा, दोन्ही टोकं बघून घ्या, शक्य असल्यास सार्वजनिक बांधकाम खात्याचा दाखला जवळ ठेवा.

वाहनाच्या बाबतीत एका पठ्ठ्याचा आदर्श ठेवा. २००३ मध्ये त्याने १९५१ चा शेवरले ट्रक रिकाम्या पिंपांवर तरंगता केला, इंजिनाच्या दांड्याला पंखा जोडला आणि बारा जण ट्रक चालवत समुद्रातून निघाले. तटरक्षकांनी माणसं परत पाठवली आणि ट्रक बुडवला. पुढच्या वर्षी गडी १९५९ ची ब्युइक घेऊन हजर. तीही अडवली. शेवटी तो मेक्सिकोमार्गे सीमेपर्यंत आला आणि सरळ चालत अमेरिकेत शिरला. इंजिनिअरांनो, नोंद घ्या. दोन गाड्या तरंगवल्या तेव्हा प्रवेश नाही, चालत गेला तेव्हा स्वागत.

चालताना घड्याळ बघा. १२ जानेवारी २०१७ ला, खुर्ची सोडायला आठवडा उरलेला असताना, ओबामांनी कोरड्या पायांची सवलत रद्द केली, तीही तत्काळ. आदल्या दिवशी पूल ओलांडलेला निर्वासित, दुसऱ्या दिवशी पोचलेला घुसखोर. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत कित्येक जण बॅगा घेऊन अडकले. १९६६ चा कायदा मात्र जागच्या जागी राहिला. घर शाबूत, फक्त दाराला कडी.

तरीही माणसं निघालीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाने क्युबनांसाठी व्हिसाची अट रद्द केली आणि हवानातल्या लोकांना एकाएकी तिथले ज्वालामुखी बघायची ओढ लागली. ‘ज्वालामुखी बघायला चाललो’ असं सांगून घर विकायचं, विमानाने मनाग्वा गाठायचं आणि पुढे उत्तरेला चालू लागायचं. पुढच्या एका आर्थिक वर्षात दोन लाखांहून जास्त क्युबन अमेरिकेच्या सीमेवर नोंदले गेले.

इथे माझा सगळ्यात मोलाचा सल्ला: सीमेवरचा अधिकारी नीट निवडा. कारण त्या गर्दीत एका टेबलावर ‘पॅरोल’चा कागद मिळत होता आणि शेजारच्या टेबलावर ‘आय-२२०ए’ नावाचा, म्हणजे हजेरीच्या बोलीवर सोडल्याचा. नवराबायको एकत्र आले, एकाला हा कागद, दुसऱ्याला तो. सोडलं ना, मग कागदाचं काय, असं त्यांनाही वाटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने सांगितलं, की आय-२२०ए म्हणजे पॅरोल नव्हे, सबब १९६६ चा कायदा लागू नाही. पाय कोरडे, जन्म क्युबातला, वर्षही भरलं, आणि टेबल चुकलं. २०२५ मध्ये यांतलेच काही नेमल्या तारखेला इमानेइतबारे हजेरी द्यायला गेले आणि तिथेच ताब्यात घेतले गेले. तेव्हा नियम पाळायची सवय असेल तर तीही आवरा.

एवढा सगळा खटाटोप झेपणारा नसेल, तर कायद्यात एक आडवाट आहे. क्युबन माणसाचा जोडीदार कुठल्याही देशात जन्मलेला असला तरी चालतो, फक्त लग्न खरं हवं, संसार एकत्र हवा आणि जोडीदारही रीतसर आत आलेला हवा. एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांनी आणि त्यांच्या आयांनी स्थळं बघताना जरा मन मोठं करावं. गोत्र जुळणार नाही, पण काळ्या घेवड्याची उसळ आणि भात दोन्ही घरी चालतो.

आणि हे सगळं कधीपर्यंत? तेही १९९६ पासून कायद्यात लिहिलंय. क्युबात लोकांनी निवडून दिलेलं सरकार आलं, असं अमेरिकेच्या अध्यक्षांनी ठरवलं, की हा कायदा रद्द. म्हणजे ज्या सरकारपासून पळायचं, ते टिकलं तरच पळण्याची सोय टिकणार. मियामीत कॉफीच्या खिडकीशी उभं राहून रोज सकाळी गप्पांत ते सरकार पाडणाऱ्या क्युबन काकांनी म्हणूनच थोडं दमानं घ्यावं. निदान भाच्याच्या अर्जाची पोच येईपर्यंत.